दर्याचं बी शहाबादी फरशीवर

शहाबादी फरशीवर सागरगोटा खसाखसा घासायचा आणि शेजारी बसलेल्या बेसावध भावंडाच्या दंडाला टेकवायचा. मग किंकाळी, मग आतून आईचा आवाज, मग पाठीत धपाटा. मराठवाड्यात वाढलेल्या आणि आज चाळिशी ओलांडलेल्या कुणालाही विचारा, त्याने हा चटका दिलेला असतो किंवा खाल्लेला असतो. बहुतेकांनी दोन्ही केलेलं असतं. पण हाच चटका नदीतल्या गोट्याने इतका का बसत नाही, हा प्रश्न त्या वयात कुणाला पडत नाही.

खरं तर घासलं की दगडही तापतो. पण दगड ती उष्णता पटकन आत ओढून घेतो आणि पसरवून टाकतो. सागरगोट्याचं कवच उष्णता आत जाऊ देत नाही, आणि आत बऱ्याचदा पोकळीही असते. त्यामुळे घासलेल्या टिकलीएवढ्या जागेवर सगळी ऊब साचून राहते आणि कातडीला टेकताच एकदम सुटते. शाळेत उष्णतेचे सुवाहक आणि दुर्वाहक शिकायच्या कितीतरी आधी आपण त्याचं प्रात्यक्षिक धाकट्या बहिणीवर करून मोकळे झालेले असतो.

असलं कवच या बीला हवं कशाला, याचं उत्तर मात्र छत्रपती संभाजीनगरात मिळत नाही. त्यासाठी समुद्राकडे जावं लागतं, आणि समुद्र इथून सरळ रेषेत मोजला तरी अडीचशे किलोमीटरच्या पुढे आहे.

आधी झाड पाहू. सागरगोटा किंवा गजगा म्हणजे काटेरी वेल. वेल म्हणावी तर तिचं जुनं खोड चांगलं जाडजूड आणि लाकडी होतं. झुडूप म्हणावं तर ती स्वतःच्या पायावर धड उभी राहत नाही, शेजारच्या झाडावर रेलते आणि त्याच्या डोक्यावर चढून बसते. आपल्याकडे ती जुन्या बांधावर किंवा कुपाटीत दिसते. चढायला तिला काकडी-कारल्याच्या वेलीला असतात तसे तणावे नाहीत. काट्यांवरच ती चढते. खोडावर काटे आहेतच, पण खरी कारागिरी पानात आहे. हातभर लांब संयुक्त पान, त्याला दोन्ही बाजूंनी फाटे, फाट्यांवर पर्णिका, आणि या सगळ्या दांड्यांच्या खालच्या अंगाला मागे वळलेले आकडे. वारा आला की पान हलतं, आकडा शेजारच्या फांदीत रुततो आणि वेल एक पाऊल पुढे सरकते. माणसाच्या सदऱ्याचंही तेच होतं. हात आत सहज जातो, बाहेर काढताना एकेक आकडा सोडवत बसावं लागतं. शेळीसुद्धा इथे फार वेळ घालवत नाही.

फुलं पिवळी, तुऱ्याने येतात. शेंग दोन-तीन इंचांची, फुगीर आणि सगळ्या अंगाने काट्यांनी भरलेली. ती वाळून तोंड उघडते तेव्हा आत एक किंवा दोन सागरगोटे बसलेले दिसतात. एवढ्या बंदोबस्तात जेमतेम दोन बिया.

आता त्यातला एक हातावर घ्या. रंग राखाडी, किंचित निळसर झाक. आकार पुरता गोल नाही, कुठेतरी थोडा चपटा. पृष्ठभाग मेणाने घोटल्यासारखा चकचकीत. उजेडात तिरपा धरला की त्यावर बारीक रेघा दिसतात, एकीला समांतर दुसरी, बीच्या पोटाभोवती वळसे घेत गेलेल्या. नखाने त्या जाणवत नाहीत इतक्या नाजूक आहेत. एका टोकाला छोटा डाग असतो, तिथे ही बी शेंगेला चिकटलेली होती. कानाजवळ नेऊन हलवा. जुन्या, वाळलेल्या सागरगोट्यात पुष्कळदा आतला गर खुळखुळतो.

हा खुळखुळाट या बीच्या प्रवासाची सोय आहे. बी पिकताना आतला गर आक्रसतो आणि कवचाखाली हवेची पोकळी उरते. कवचातून पाणी शिरत नाही, पोकळी बुडू देत नाही. किनाऱ्यावरच्या वेलीची शेंग उकलली, भरतीचं पाणी आलं, की बी निघाली. महिनोन्महिने खाऱ्या पाण्यात राहूनही आतला अंकुर जिवंत असतो. म्हणूनच ही वेल आज जगभरच्या उष्ण किनाऱ्यांवर आहे. कोकणात, श्रीलंकेत, आफ्रिकेत, प्रशांत महासागरातल्या बेटांवर, कॅरिबियन समुद्रात, फ्लोरिडात. कुठल्याही खलाशाने ती मुद्दाम नेऊन लावण्याची गरज नव्हती.

समुद्राचे प्रवाह मात्र बीच्या सोयीने वाहत नाहीत. कॅरिबियनमधून निघालेल्या काही बिया गल्फ स्ट्रीमच्या हाती लागतात आणि थेट युरोपच्या थंड किनाऱ्यांवर जाऊन पडतात. स्कॉटलंडच्या उत्तरेला ऑर्कनी बेटांवर अशा अनोळखी बिया वाहून येत. त्या कसल्या, हे तिथल्या लोकांना कळेना. १६९६च्या सुमारास हान्स स्लोन यांनी रॉयल सोसायटीच्या नियतकालिकात त्यांच्यावर लेख लिहिला. हे स्लोन म्हणजे ज्यांच्या संग्रहातून पुढे ब्रिटिश म्युझियम उभं राहिलं ते. त्याआधी ते जमैकात डॉक्टर म्हणून राहून आले होते, त्यामुळे त्यांनी या बिया ओळखल्या. त्यातली एक आपली राखाडी ओळखीची बी होती. कुणी भूगोलतज्ज्ञ गल्फ स्ट्रीमचे नेमके नकाशे काढण्याआधी एका बीने महासागर पार केल्याचा पुरावा किनाऱ्यावर टाकून दिला होता. नॉर्वेच्या किनाऱ्यावर येणाऱ्या अशा बियांची दखल पुढे वनस्पतिशास्त्रज्ञ लिनियसनेही घेतली. आणि कडी म्हणजे आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्यावर सापडलेली एक बी कुणीतरी पेरून पाहिली, ती उगवली, आणि त्या रोपाचं चित्र निसर्गशास्त्रज्ञ सर जोसेफ बँक्स यांच्याकडे गेलं. वनस्पतिशास्त्रज्ञ रॉबर्ट ब्राऊन यांनी ते रोप सागरगोट्याचंच असल्याची नोंद १८१८ साली केली. अख्खा अटलांटिक ओलांडून आलेला जीव आत शाबूत होता.

याहून मोठी गंमत पुढे आहे. स्कॉटलंडच्याच पश्चिमेकडच्या हेब्रिडीज बेटांचं वर्णन मार्टिन मार्टिन या गृहस्थाने १७०३ साली छापलं. त्यात तो सांगतो की तिथले लोक समुद्राने आणलेल्या या बियांपैकी पांढुरकी बी मुलांच्या गळ्यात बांधतात. दृष्ट लागू नये म्हणून! कुणी वाईट चिंतलं तर बी काळी पडते, असा त्यांचा समज होता. आता आपल्याकडचं पाहा. काळ्या दोऱ्यात ओवलेला सागरगोटा बाळाच्या अंगावर बांधायची चाल इथेही होती, आणि गर्भ टिकावा म्हणून गरोदर बाईने तो बांधावा असंही सांगत. हेब्रिडीजच्या कोळणीची आणि आपल्याकडच्या आजीची गाठ पडण्याचा काही संबंध नाही. दोघींच्या हातात तीच बी आली, दोघींना ती तशीच घट्ट बंद, गुळगुळीत, अविनाशी वाटली, आणि दोघींनी तिला एकच काम दिलं.

हे सगळं समुद्राचं झालं. मराठवाड्यात ही बी आली कशी?

पाण्याने आली म्हणावं तर नदीची दिशा उलटी. पैठणला नाथसागर जलाशयाच्या भिंतीखाली गोदावरीत सागरगोटा टाकला तर तो वाहत गेलाच तर पूर्वेला, बंगालच्या उपसागराकडे जाईल. समुद्राकडून घाट चढून वर येणारं पाणी नसतं. पक्ष्याने आणली म्हणावं तर ही बी फोडायला हातोडी लागते, आणि अख्खी गिळण्यासारखं तिच्यावर गोड मांसही नाही. शेंगेचे काटे गुरांच्या अंगाला अडकून थोडं अंतर जात असतील, पण सह्याद्री? मला तरी माणसाच्या हाताखेरीज दुसरा वाहक दिसत नाही. कनवटीला, बटव्यात, औषधाच्या पुडीत, परकराच्या ओच्यात अशी ती वर आली असावी. आणि माणसाने तिला ज्या ज्या गुणासाठी आणलं, तो प्रत्येक गुण वेलीने स्वतःच्या गरजेसाठी कमावलेला होता. कवच लाटांसाठी होतं, कडूपणा आतल्या गराच्या राखणीसाठी होता, काटे चढण्यासाठी आणि जनावरांसाठी होते. आपण त्यातून खेळ, औषध आणि कुंपण काढलं.

खेळाचं आधी, कारण तो सगळ्यांत आनंदाचा. दुपारची जेवणं झाली, मोठी माणसं लवंडली, की ओसरीवर पोरी गोल करून बसत. पाच सागरगोटे जमिनीवर टाकायचे, एक उडवायचा, तो खाली येईपर्यंत जमिनीवरचा एक उचलायचा आणि वरचा झेलायचा. मग दोन-दोन, मग तीन, मग चारही एका झडपेत. उचलताना शेजारच्याला बोट लागलं की डाव गेला. मग सगळे उडवून उलट्या पंजावर घ्यायचे आणि तिथून पुन्हा उडवून मुठीत झेलायचे. गावागणिक नियम वेगळे, आणि नियमांवरून भांडणं सगळीकडे सारखी. खड्यांवरही हा खेळ चालतो, पण खड्यांनी बोटं सोलतात. सागरगोटा हलका, तरी हवेत भरकटणार नाही इतका भारी. पाचही साधारण एका मापाचे मिळतात. आपटून फुटत नाही, वर्षानुवर्षं घासून उलट अधिकच चमकतो. आईचे सागरगोटे मुलीकडे आलेली घरं आजही सापडतील. मुलांनी याच बियांच्या गोट्या केल्या आणि गल खोदून गजगे खेळले.

हे फक्त आपल्यालाच सुचलं असं नाही. सतराव्या शतकात इंडोनेशियातल्या अंबोन बेटावर राहून तिथल्या वनस्पतींचा प्रचंड ग्रंथ लिहिणाऱ्या रुंफियसने या झाडाला लॅटिनमध्ये गोट्यांचं झुडूप असंच नाव दिलं. कॅरिबियनमधल्या अँटिग्वा आणि बार्बाडोस बेटांवर 'वारी' नावाचा पटावरचा खेळ चालतो. लाकडी पटाच्या खळग्यांतून बिया फिरवायचा हा खेळ आफ्रिकेतून गुलाम म्हणून नेलेल्या माणसांनी सोबत नेला. त्याच्या सोंगट्या म्हणजे सागरगोटे. आपली मुलगी ओसरीवर जो झेलते तोच तिकडचा म्हातारा पटावर मोजतो.

औषधाची कथा जरा सावधपणे सांगायला हवी, कारण इथे कौतुक आणि खरं यांची सरमिसळ लवकर होते.

शहराच्या जुन्या बाजारात, गुलमंडी-शहागंजच्या अंगाला काष्ठौषधी विकणाऱ्यांकडे सागरगोटा मागा, तो पुढे ठेवतील. हकिमी औषधं ठेवणाऱ्याकडे तोच 'करंजवा' होतो. वैद्य त्याला लताकरंज म्हणतात, किंवा कुबेराक्ष, म्हणजे कुबेराचा डोळा. फारसी हकिमांनी त्याला ठेवलेलं एक नाव सैतानाच्या अशा अवयवावरून आहे की ते इथे छापत नाही. एकाच बीत कुणाला देवांचा खजिनदार दिसला, कुणाला इब्लिस. या शहरात वैद्य आणि हकीम शतकानुशतकं एकाच बाजारातून औषध घेत आले, आणि ही बी दोघांच्याही पुडीत गेली.

वापर मुख्यतः गराचा. कवच फोडायचं, आतला पिवळट पांढरा गर काढायचा. चवीला तो जहाल कडू. पोटदुखी, जंत, पोट फुगणं आणि थंडी वाजून येणारा ताप ही त्याची ठरलेली कामं. अंडवृद्धीच्या सुजेवर पाला किंवा गर एरंडेलात वाटून बांधत. आणि बाळगुटीत तर सागरगोटा हवाच. सहाणेवर हिरडा, वेखंड, मुरडशेंग, जायफळ, हळकुंड यांच्या बरोबरीने त्याचेही मोजून वळसे उगाळायचे, दुधात कालवायचं आणि चांदीच्या बोंडल्याने पाजायचं. किती वळसे, हे आजीच्या बोटांना ठाऊक असे.

तापावरच्या वापराला एकोणिसाव्या शतकात सरकारी शिक्का मिळाला. एडवर्ड वॉरिंग यांच्या संपादनाखाली १८६८ साली 'फार्माकोपिया ऑफ इंडिया' प्रसिद्ध झाली, त्यात सागरगोट्याच्या गराची पूड आणि काळी मिरी समभाग घेऊन करायचं चूर्ण अधिकृत औषध म्हणून आलं. सिंकोनाच्या सालीपासून मिळणारं क्विनीन तेव्हा महाग होतं, आणि हिवताप गरीब-श्रीमंत पाहत नव्हता. कुपाटीत फुकट मिळणारी बी गोऱ्या डॉक्टरांनी वहीत लिहून घेतली ती या गरजेतून.

त्यात तथ्य किती? पुढे रसायनशास्त्रज्ञांनी गरातून कॅसेन जातीची डायटर्पीन द्रव्यं वेगळी काढली आणि त्यांपैकी काहींनी प्रयोगशाळेत हिवतापाच्या परजीवीला अटकाव केला. केंद्रीय आयुर्वेद संशोधन परिषदेने हिवतापासाठी 'आयुष ६४' ही गोळी बनवली. तिच्यात सप्तपर्ण, कुटकी आणि किराईत प्रत्येकी १०० मिलिग्रॅम आणि कुबेराक्षाच्या बियांची पूड २०० मिलिग्रॅम. २०२१ साली कोविडच्या दुसऱ्या लाटेत सौम्य रुग्णांसाठी हीच गोळी पुन्हा चर्चेत आली. पण हिवतापावर क्लोरोक्विनशी तिची थेट तुलना झाली, आणि २०००मध्ये छापलेल्या त्या चाचणीत क्लोरोक्विन घेतलेले सगळे बरे झाले, तर आयुष ६४ घेतलेल्यांपैकी जेमतेम निम्मे. माझ्या लेखी हा निकाल दोन्ही बाजूंनी बोलतो. बीत काहीतरी आहे, हे खरं. आणि थंडीताप आला तर रक्त तपासून डॉक्टरांचं औषध घ्यावं, गजगा फोडत बसू नये, हेही तितकंच खरं. बाळगुटीबद्दलही आजचे बालरोगतज्ज्ञ सहा महिने आईच्या दुधाशिवाय काहीच नको म्हणतात, आणि त्यांचं ऐकावं. हल्ली मोबाइलवर 'पीसीओडीवर रामबाण सागरगोटा' अशी चलचित्रं फिरतात. रामबाण हा शब्द दिसला की मी पुढे सरकतो.

नावाचा एक घोळही सांगून टाकतो, कारण पुस्तकं चाळणाऱ्याला तो भेटतोच. लिनियसने १७५३ साली या वेलीला गिलँडिना म्हटलं. नंतर वनस्पतिशास्त्रज्ञ रॉक्सबर्ग यांनी ती सिसाल्पिनिया प्रजातीत नेली आणि पुढची दीडशेहून अधिक वर्षं पुष्कळ ग्रंथांत ती तिथेच राहिली. मराठवाड्याच्या वनस्पतींचा प्रा. व्ही. एन. नाईक यांचा 'फ्लोरा ऑफ मराठवाडा' हा दोन खंडांचा ग्रंथ १९९८ साली याच शहरातून निघाला. त्या काळातल्या पुस्तकांत शोधायचं तर सिसाल्पिनिया या नावाखाली पाहावं लागतं. मग २०१६ साली जनुकीय तपासणीच्या आधारे संशोधकांच्या एका गटाने या सगळ्या गोतावळ्याची फेरमांडणी केली आणि सागरगोटा पुन्हा गिलँडिना झाला. आपल्या अंगणातला शंकासूर, त्याचा देखणा चुलतभाऊ, मात्र सिसाल्पिनियातच राहिला. वेलीला यातलं काही कळलेलं नाही.

राहिलं कुंपण. तारेचं कुंपण येण्याआधी बांधावर बाभळीच्या फांद्या रोवायच्या, नाहीतर घायपात, निवडुंग, चिल्हार किंवा गजगा जिवंत वाढवायचा. जिवंत कुपाटी दरवर्षी नव्याने घालावी लागत नाही आणि चोरीलाही जात नाही. तिच्या पोटात सरडे, मुंगूस आणि लहान पाखरांची घरटी असा सगळा कुटुंबकबिला नांदतो, कारण मांजर तिथे हात घालत नाही. हा आसरा किती मोलाचा असतो, याचं एक उदाहरण फ्लोरिडातलं आहे. मायामी ब्ल्यू नावाचं नखाएवढं निळं फुलपाखरू १९९२च्या अँड्र्यू चक्रीवादळानंतर दिसेनासं झालं. ते संपलंच, असं अनेकांनी धरलं. १९९९ साली बाहिया होंडा इथल्या किनारी उद्यानात त्याची छोटी वस्ती सापडली, आणि त्याच्या अळ्या पोसल्या जात होत्या सागरगोट्याच्या वेलीवर. आपल्याकडे मात्र रस्ते रुंद झाले, बांध कोरले गेले, तार आणि सिमेंटचे खांब आले, आणि गजग्याची जाळी पेटवून मोकळं होणं सोपं झालं. मुलांना सागरगोटे आता खेळण्यांच्या दुकानात प्लॅस्टिकचे मिळतात. त्यांचा चटका बसतो की नाही, ते मी पाहिलेलं नाही.

ज्यांच्याकडे शेत आहे, फार्महाऊसचं कुंपण आहे किंवा शाळेच्या मागची पडीक कड आहे, त्यांनी यंदा पावसाच्या तोंडावर एक करून पाहावं. काष्ठौषधीच्या दुकानातून मूठभर सागरगोटे आणावेत. बी नुसती पेरली तर ती पाण्याला दाद देत नाही, वर्ष वर्ष तशीच पडून राहते. समुद्राकाठी तिचं कवच वाळूने घासलं जातं, इथे ते काम आपल्याला करावं लागतं. डाग असलेलं टोक सोडून दुसरी बाजू कानशीने किंवा खरखरीत दगडावर घासा, कवचाचा आतला वेगळा रंग दिसला की थांबा. रात्रभर पाण्यात ठेवा. सकाळी जी बी फुगलेली दिसेल तिच्यात पाणी शिरलं, ती लावा. जी तशीच राहिली ती आणखी थोडी घासा. रोप पायवाटेपासून चांगलं चार हात लांब ठेवा, छाटायला लांब दांड्याचा कोयता लागेल. आणि घासून झालेली बी पाण्यात टाकण्याआधी कुणाच्या दंडाला टेकवायचा मोह झाला, तर निदान स्वतःच्या दंडापासून सुरुवात करा.